नामंजूर प्रस्तावांचे दफ्तर : आवश्यकता-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा इतिहास (१९६७ ते २०१८)

प्रस्तावना

कोणतेही गुंतागुंतीचे उत्पादन तयार करण्यापूर्वी त्याने काय काय केले पाहिजे, हे लिहून काढले जाते. या लेखी अपेक्षांना अभियांत्रिकीच्या परिभाषेत ‘आवश्यकता’ म्हणतात. काम सुरू झाले की त्यांत बदल सुचविले जातात; काही स्वीकारले जातात, काही फेटाळले जातात. ही सारी देवघेव सांभाळण्यासाठी गेल्या अर्धशतकात अनेक संगणकप्रणाली निर्माण झाल्या. त्यांचा अभ्यास प्रामुख्याने संगणकशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या शाखांत झाला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न मात्र निराळा असतो. निर्णय काय झाला एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. पर्याय कोणते होते, ते कोणी मांडले आणि कोणत्या कारणाने बाजूला पडले, हे त्याला हवे असते. या दृष्टीने पाहिल्यास असे दिसते की, या प्रणालींनी आवश्यकतेचे शब्द काळजीपूर्वक जपले. त्या शब्दांमागचा वाद मात्र दीर्घकाळ त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. प्रस्तुत लेखात या विधानाचा काही निवडक उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

अपोलो प्रकल्पातील बदल-नियंत्रण

२७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर एप्रिलमध्ये यानाच्या कार्यक्रमाची सूत्रे जॉर्ज लो यांच्याकडे आली. यानात असंख्य फेरफार करणे अपरिहार्य होते. परंतु एका भागातील सुधारणा दुसऱ्या भागात दोष निर्माण करू शकते, हा धोकाही तितकाच खरा होता. म्हणून लो यांनी बदलांचा विचार करणारे एक मंडळ नेमून त्याच्या नियमित बैठका सुरू केल्या. अभियांत्रिकी, उड्डाण-संचालन, अंतराळवीर आणि कंत्राटदार या सर्वांचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसत. अंतराळवीरांच्या पेनापासून पृथ्वीच्या वातावरणात परतण्याच्या आज्ञावलीपर्यंत सर्व विषय या मंडळापुढे येत. चर्चा ऐकून अंतिम निर्णय लो स्वतः देत.

लो यांनी पुढे दिलेल्या माहितीनुसार, जून १९६७ ते जुलै १९६९ या काळात मंडळाच्या ९० बैठका झाल्या, १,६९७ बदलांचा विचार झाला आणि त्यांपैकी १,३४१ मान्य झाले. अपोलोच्या यशाची चर्चा करणारे लेखक हे आकडे शिस्तीचा पुरावा म्हणून देतात, आणि ते योग्यच आहे. पण यातून उरणारे ३५६ बदल अधिक बोलके आहेत, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. चंद्रावर जाण्याची मुदत दशकाअखेरची होती. अशा घाईत पाचांपैकी एका सूचनेला मान्यता न देणे ही साधी गोष्ट नव्हे.

यानावरील संगणकाच्या बाबतीत ही कठोरता आणखी गरजेची होती. त्याची कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची होती आणि ती तारा ओवून विणलेली असे. नवी सोय हवी तर जुने काहीतरी काढावे लागे, आणि विणकाम सुरू झाल्यावर दुरुस्तीला जवळजवळ वाव नसे. त्यामुळे आज्ञावलीतील प्रत्येक फेरफारासाठी स्वतंत्र लेखी विनंती करण्याची पद्धत रूढ झाली. ही सर्व व्यवस्था कागदावरची होती. सरकारी नस्तीवरील टिपणी वाचण्याची सवय असलेल्यांना ती फारशी परकी वाटणार नाही.

आवश्यकतांची यांत्रिक नोंद

याच सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॅनियल टाइकरो यांनी ‘इस्डॉस’ प्रकल्प हाती घेतला होता. प्रणालीचे वर्णन एका ठरावीक भाषेत लिहावे आणि संगणकाने ते तपासावे, ही त्यामागील कल्पना. या भाषेला व तिच्या विश्लेषकाला ‘पीएसएल’ आणि ‘पीएसए’ ही नावे मिळाली. १९७७ मध्ये टाइकरो आणि हर्शी यांनी त्यांवर लेख प्रसिद्ध केला. एखादी माहिती वापरली जाते पण ती कोठे निर्माण होते हे लिहिलेलेच नाही, अशा त्रुटी हा विश्लेषक दाखवी. विसंगती शोधणारा परीक्षक म्हणून त्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु एखादी अपेक्षा कोणाच्या आग्रहाने आली आणि कोणी तिला विरोध केला, याचा शोध घेणे हे त्याचे काम नव्हते.

बेल प्रयोगशाळेत १९७२ मध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ ही आज्ञावलीच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली रचली. तिच्यातील एक बारकावा लक्षणीय आहे. बदल जमा करताना ती कारण विचारी; आणि तशी व्यवस्था केलेली असल्यास बदल-विनंतीचा क्रमांक दिल्याशिवाय बदल स्वीकारत नसे. म्हणजे फेरफार आणि त्याचे निमित्त यांची गाठ यंत्रानेच बांधली. तरीही येथे नोंद होई ती झालेल्या बदलाचीच. न झालेल्या बदलाला या दफ्तरात जागा नव्हती.

१९९० च्या दशकात ‘डोअर्स’ हे सॉफ्टवेअर संरक्षण, विमान आणि वाहन या उद्योगांत पसरले. ते मूळ क्यूएसएस या ब्रिटिश कंपनीचे. २००० मध्ये ते टेलेलॉजिककडे व २००८ मध्ये आयबीएमकडे गेले. प्रत्येक आवश्यकतेला ओळख-क्रमांक, तिच्यापासून आराखड्याकडे आणि चाचणीकडे जाणारे दुवे, बदलांचा इतिहास, अशी त्याची रचना आहे. कारणे लिहिण्यासाठी रकाना जोडण्याची सोयही आहे. पण सोय असणे आणि सवय असणे या भिन्न गोष्टी होत.

या उणिवेचे नेमके निदान ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन यांनी १९९४ च्या शोधनिबंधात केले. त्यांनी मागोवा घेण्याच्या प्रश्नाचे दोन भाग केले : आवश्यकता लिहिली गेल्यानंतरचा प्रवास आणि लिहिली जाण्यापूर्वीचा. उपलब्ध साधने पहिल्या भागाची काळजी घेत होती. खऱ्या अडचणी मात्र बहुतांशी दुसऱ्या भागात, म्हणजे ही अपेक्षा मूळ कोणाकडून व कशी आली हे न कळण्यात होत्या. इतिहासलेखकाला हे विधान ओळखीचे वाटेल. हुकूम सापडतो, पण खलबत सापडत नाही.

वादाची नोंद

खलबत जपण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. होर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुंझ यांनी १९७० मध्ये ‘आयबिस’ ही पद्धत मांडली. तीत प्रश्न, त्यावरील भूमिका आणि भूमिकेच्या बाजूचे वा विरुद्धचे युक्तिवाद यांची वेगवेगळी नोंद करायची असते. १९८८ मध्ये जेफ कॉन्क्लिन आणि मायकेल बेगेमन यांनी ‘जी-आयबिस’ या सॉफ्टवेअरद्वारे ही मांडणी पडद्यावर आणली. कल्पना उत्तम होती. परंतु आपले प्रत्येक वाक्य प्रश्न आहे, भूमिका आहे की युक्तिवाद, हे बोलणाऱ्याने आधी ठरवावे, ही अट जाचक होती. भर चर्चेत असे वर्गीकरण करीत कोण बसणार ?

पायथॉनचे प्रस्ताव

या दोन प्रवाहांचा मेळ एका अगदी साध्या साधनाने घातला. पायथॉन या संगणकभाषेच्या विकासकांनी २००० मध्ये ‘पेप’, म्हणजे पायथॉन सुधारणा प्रस्ताव, ही पद्धत सुरू केली. पहिल्या पेपमध्ये पद्धतीचेच नियम आहेत. प्रस्ताव हा साधा मजकूर असावा, तो आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत ठेवावा, त्यात हेतू व तपशील यांबरोबरच विरोधी मतांचीही नोंद असावी, असे त्यात सांगितले आहे. प्रस्ताव फेटाळला गेला तरी तो काढून टाकायचा नाही. तो फेटाळला गेला ही नोंद राहणे महत्त्वाचे आहे, अशी भूमिका त्यात स्पष्ट घेतली आहे.

या नियमाचे मोल ३०८ क्रमांकाच्या प्रस्तावात दिसते. अटीनुसार दोहोंपैकी एक मूल्य देणारी रचना भाषेत असावी, असा हा २००३ चा प्रस्ताव. तिचे रूप कसे असावे यावर मतभेद झाले, मतदान घेतले गेले, पण कोणत्याही एका रूपाला बहुमत मिळाले नाही आणि प्रस्ताव नामंजूर झाला. पर्यायांची यादी आणि मतांचा तपशील मात्र दस्तऐवजातच राहिला. पुढे सप्टेंबर २००५ मध्ये भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी आधी फल, मग अट, शेवटी पर्यायी फल, असा क्रम निवडला. अशी रचना नसल्यामुळे लोक ‘आणि’, ‘किंवा’ यांच्या खटपटी करून चुका करीत होते, हे त्यामागचे कारण. २००६ च्या २.५ आवृत्तीत ती समाविष्ट झाली. म्हणजे एकदा नामंजूर झालेले प्रकरण पुन्हा उघडताना सारे पहिल्यापासून मांडावे लागले नाही. आज ते पान वाचणाऱ्यास मंजुरीइतकीच पूर्वीची नामंजुरीही वाचता येते.

अर्थात नोंद ठेवल्याने वाद मिटतो असे नाही. ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावरील कडाक्याच्या वादानंतर व्हॅन रॉसम यांनी तो मंजूर केला, आणि १२ जुलै २०१८ रोजी अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून ते दूर झाले. अपोलोत लो यांच्या हाती असलेला अधिकार येथे जवळजवळ तीन दशके एका व्यक्तीकडे होता. त्याची जागा कोण घेणार, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नव्हते. विकासकांनी हा प्रश्नही त्याच पद्धतीने हाताळला. कारभाराच्या सात योजना ८०१० ते ८०१६ या क्रमांकांच्या प्रस्तावांत लिहिल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मधील मतदानात शेवटची, पाच सदस्यांच्या निवडून आलेल्या मंडळाची योजना स्वीकारली गेली. उरलेले सहा प्रस्ताव ‘नामंजूर’ या शेऱ्यासह त्याच दफ्तरात आहेत.