‘ताज’ खरोखरच खुन्नशीतून उभे राहिले का?

अमेरिकेतील अलेक्झांड्रिया शहरात जॉन हॉलेन्सबरी याने बोळातील घोडागाड्यांच्या वर्दळीला वैतागून १८३० साली त्या बोळातच जेमतेम सात फूट रुंदीचे घर बांधले.

मुंबईचीही अशीच कथा आहे. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलने प्रवेश नाकारला, म्हणून जमशेटजी टाटांनी ‘ताज’ उभारले! कथा रोचक खरी. पण अनेक अभ्यासकांना ती मान्य नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या संपादकांनी शहराला शोभेल अशा हॉटेलचा आग्रह धरला होता, असे दुसरे मत आहे. १८९६ च्या प्लेगने खचलेल्या मुंबईचा विचार करता तेच अधिक पटते.

मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. ‘ताज’ १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. वॉटसनची लोखंडी सांगाड्याची इमारत आजही ‘एस्प्लनेड मॅन्शन’ नावाने उभी आहे.