शेतीकामातील बेंझिन : स्रोत, आरोग्यावरील परिणाम आणि काळजी

कीटकनाशक हाताळताना आपण हातमोजे घालतो, तोंडाला फडके बांधतो. मात्र त्याच पॉवर स्प्रे पंपात पेट्रोल भरताना तेवढी काळजी घेतली जात नाही. पेट्रोलमधील बेंझिन हा घटक कर्करोगकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या घटकांत केला आहे.

बेंझिन म्हणजे काय?

बेंझिन हा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव आहे. तो सुमारे ८० अंश सेल्सिअसला उकळतो, पण नेहमीच्या तापमानालाही झपाट्याने उडून जातो. त्यामुळे तो प्रामुख्याने श्वासावाटे आणि काही प्रमाणात त्वचेवाटे शरीरात शिरतो. भारतात पेट्रोलमध्ये बेंझिनची कमाल मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये १० मिलीपर्यंत बेंझिन असू शकते.

आपल्या आजूबाजूचे स्रोत

- पेट्रोल : पॉवर स्प्रे, ब्रश कटर, पॉवर वीडर, जनरेटर, दुचाकी. घरात ठेवलेला, झाकण सैल असलेला कॅन रात्रभर वाफ सोडत राहतो.
- धूर : उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, प्लॅस्टिक मल्चिंगचे तुकडे जाळणे, घरातील चूल.
- विडी-सिगारेट : धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात जाणाऱ्या बेंझिनचा मोठा वाटा यातूनच येतो.
- रंग, थिनर, चिकटद्रव्ये : काही उत्पादनांत अल्प प्रमाणात.

ईसी प्रकारच्या अनेक कीटकनाशकांत झायलीनसारखे विद्रावक असतात. ते बेंझिन नव्हेत. मात्र त्यांची वाफही हुंगू नये.

आरोग्यावरील परिणाम

थोड्या वेळात जास्त वाफ श्वासात गेल्यास डोके दुखते, चक्कर येते, गुंगी किंवा मळमळ जाणवते. फवारणीच्या दिवशी अशी लक्षणे दिसली की ‘औषध लागले’ असे समजले जाते आणि पेट्रोलकडे दुर्लक्ष होते.

खरा धोका वर्षानुवर्षांच्या संपर्काचा आहे. शरीरात बेंझिनपासून तयार होणारे घटक हाडांतील मज्जेला इजा करतात. रक्ताच्या पेशी तिथेच तयार होतात. त्यामुळे रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होतात. काहींना रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) होतो. हवेतील बेंझिनचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

विहिरीजवळ सांडलवंड नको

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. या हिशेबाने १ लिटर पेट्रोलमधील बेंझिन पूर्ण मिसळल्यास सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत पोहोचेल. प्रत्यक्षात बरेचसे उडून जाते. तरीही विहीर व कूपनलिकेजवळ इंधन भरू नये.

काय काळजी घ्याल?

१. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढू नका, हातपंप वापरा.
२. इंधन मोकळ्या हवेत, इंजिन थंड झाल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून भरा.
३. पेट्रोलने हात किंवा अवजारे धुऊ नका. हातावर सांडल्यास साबण-पाण्याने धुवा, भिजलेले कपडे बदला.
४. कॅन घट्ट बंद करून राहत्या घराबाहेर, सावलीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.
५. पाचट, पऱ्हाट्या जाळू नका. कुट्टी करून जमिनीत मिसळा किंवा कंपोस्ट करा.
६. फडके किंवा साध्या मास्कने वाफ अडत नाही. त्यावर विसंबू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पेट्रोल पोटात गेल्यास उलटी करवू नका. ते फुप्फुसात जाऊन जास्त इजा होते. रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या. सतत थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर विनाकारण काळे-निळे डाग दिसल्यास सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या आणि आपण पेट्रोलवरील यंत्रे हाताळता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.