शिकाऱ्याचे उतारवय

शिकारीच्या हकिकती लिहिणारे लोक वाघाची लांबी फूट-इंचांनिशी सांगतात, बंदूक कोणत्या जातीची होती हे सांगतात, रात्र अंधारी होती की चांदणी हेही सांगावयास विसरत नाहीत. परंतु त्या दिवशी आपले वय काय होते आणि चढण चढताना गुडघे कितपत साथ देत होते, ह्याविषयी ते सहसा मौन पाळतात. वाचकही विचारीत नाही. त्याच्या मनातला शिकारी सदैव तिशीच्या आतबाहेर असतो. जिम कॉर्बेटची पुस्तके आम्ही प्रथम वाचली ती विद्यार्थिदशेत, आणि त्या वेळी आमचीही समजूत अशीच होती. पुढे पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या मजल्यावरील वर्गात पोहोचण्यापूर्वी जिन्यात क्षणभर थांबून कठड्याला हात लावण्याची पाळी आमच्यावर आली, तेव्हा तीच पुस्तके पुन्हा हाती घेतली आणि प्रत्येक प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने वयाचे आकडे मांडीत गेलो. त्या आकड्यांनी आम्हांस चकित केले.

कॉर्बेटचा जन्म नैनिताल येथे २५ जुलै १८७५ रोजी झाला. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या त्याने मारला तो २ मे १९२६ रोजी, म्हणजे वयाची पन्नास वर्षे पुरी झाल्यावर. तल्ला देशच्या वाघिणीमागे तो हिंडला १९२९ साली, वय ५३. चौगडची वाघीण पडली ११ एप्रिल १९३०, वय ५४. ठाकची वाघीण ३० नोव्हेंबर १९३८, वय ६३. आमच्याकडे ज्या वयात गृहस्थ पेन्शनीची कागदपत्रे गोळा करू लागतो, त्या वयात हा मनुष्य हिमालयाच्या उतरणीवर पायी, बहुधा एकटा, माणसाच्या मांसाला चटावलेल्या जनावराच्या मागावर होता. त्याच्या नावाशी निगडित झालेल्या हकिकतींपैकी खरोखर तरुणपणच्या अशा थोड्याच. त्यांतील प्रमुख १९०७ सालची चंपावतची. आणि मौजेची गोष्ट ही की, तिशीतल्या त्या शिकारीत तहसीलदाराच्या मदतीने २९८ माणसांचा हाका लाविला होता. पुढे वय वाढत गेले तसतशी माणसे कमी होत गेली. सर्वसाधारण रीत ह्याच्या नेमकी उलट आहे.

ती रीत काय, हे इतिहासात पाहू गेल्यास राजेलोकांकडे वळावे लागते. कारण इतरांच्या गुडघ्यांची नोंद ठेवण्याचा प्रघात नव्हता. इंग्लंडचा आठवा हेन्री तारुण्यात दिवसभर घोड्यावर असे. जानेवारी १५३६ मध्ये भाल्यांच्या खेळात तो घोड्यासकट कोसळला. पायाच्या जखमा त्याला पुढे जन्मभर पुरल्या आणि देहाचा विस्तारही वाढत गेला. तेव्हा १५४३ साली एपिंगच्या अरण्यात त्याच्यासाठी एक लाकडी, उघड्या बाजूंचा मनोरा उभारण्यात आला. वर बसून शिकार पाहावी, हाकलून आणलेल्या हरणांवर बाण सोडावा, अशी ती सोय. ती इमारत आजही उभी आहे. फ्रान्सचा चौदावा लुई १६८३ साली फोंतेनब्लोच्या रानात घोड्यावरून पडला व त्याचा हात दुखावला. तेव्हापासून त्याने घोड्यावरून पाठलाग सोडला. पण शिकार सोडली नाही. चार लहान तट्टे जोडलेल्या हलक्या गाडीत तो एकटा बसे, लगाम स्वतःच्या हाती घेई, आणि भरधाव वेगाने सांबरामागे जाई. पायातील वाताने गाठल्यावरही हा क्रम चालू राहिला. त्या तट्टांवर स्वार म्हणून बसविलेली दहा-पंधरा वर्षांची पोरे होती, असे सँ-सिमों लिहून ठेवतो. त्या पोरांपैकी कोणी पडले काय, मोडले काय, ह्याविषयी मात्र तो बोलत नाही.

जहांगीर बादशहाची गोष्ट आम्हांस अधिक जवळची वाटते, आणि अधिक विषण्ण करणारीही. हा हिशेबी शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून चांद्रमानाने पन्नाशी पुरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे १६१६ पर्यंत, आपल्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वहस्ते मारली, असा आकडा त्याने आपल्या आत्मवृत्तात नोंदविला आहे. पन्नाशीनंतर स्वहस्ते जीव घेणार नाही असा त्याचा संकल्प होता, आणि नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याच्या जिवासाठी तो संकल्प त्याने अमलातही आणला. काही वर्षांनी मोडला. दम्याने छाती भरलेली, अफू व मद्य ह्यांनी शरीर पोखरलेले, अशा स्थितीत १६२७ साली काश्मीरहून परतताना बैरामकल्ला येथे त्याने शेवटची शिकार केली. ती कशी? बादशहाने बसावयाचे, बंदूक भिंतीवर टेकवावयाची, आणि गावच्या लोकांनी हरणे समोरच्या कड्यावर हाकीत आणावयाची. एक हरिण गोळी लागून पडले. त्याच्या मागे गेलेल्या एका प्याद्याचा पाय कड्यावरून निसटला आणि तो दरीत पडून छिन्नविच्छिन्न झाला. बादशहाने त्याच्या आईस द्रव्य दिले. पण त्या दृश्याने त्याचे मन जे खचले ते सावरले नाही. थोड्याच दिवसांत वाटेतच त्याचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

ह्या तिन्ही उदाहरणांत थकलेल्या शिकाऱ्याने शिकार सोडली नाही. त्याच्या पायांच्या जागी दुसऱ्यांचे पाय आले. मनोऱ्यापुढे हरणे हाकणारे, तट्टांवर बसविलेली पोरे, कड्यावरून गेलेला तो प्यादा, ज्याचे नावही आपणांस ठाऊक नाही. म्हातारपणाची किंमत कोणी तरी भरतोच. ती कोणाच्या हाडांनी भरली जाते एवढाच प्रश्न असतो. आणि ह्या प्रश्नाच्या उजेडात कॉर्बेटकडे पाहिले म्हणजे त्याच्या हकिकती निराळ्या वाटू लागतात.

हा गृहस्थ राजा नव्हता. नैनितालच्या पोस्टमास्तरचा मुलगा. बाप लहानपणीच गेला. उमेदीची वीस-बावीस वर्षे बिहारात मोकामेह घाट येथे रेल्वेच्या मालाची चढउतार करण्याच्या ठेक्यात गेली, आणि तेथे तो हमालांबरोबर स्वतः ओझी उचलीत असे. पहिल्या महायुद्धात कुमाऊंच्या मजुरांची पलटण घेऊन फ्रान्सला, तेथून पुढे वझिरीस्तानच्या सरहद्दीवर. असे झिजलेले शरीर घेऊन तो रुद्रप्रयागला आला. बिबळ्या नदी ओलांडतो ती पुलावरूनच, हे ताडून अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर त्याने वीस रात्री काढल्या. खालून नदीचा गार वारा, वर पाय पसरण्यापुरती जागा, उतरण्यास शिडी नाही, आणि बिबळ्या त्या वीस रात्रींत एकदाही आला नाही. पन्नाशीच्या माणसाच्या पाठीला व सांध्यांना त्या वीस रात्रींनी काय सांगितले असेल, ते त्याने लिहिलेले नाही. आम्ही आपले अनुमान करतो.

एका दुखण्याविषयी मात्र त्याने सविस्तर लिहिले आहे, तेही पंचवीस वर्षांनी, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. १९२९ च्या आरंभी तराईत हत्तीवरून शिकार चालली असता एका सोबत्याच्या जड रायफलीचा बार त्याच्या कानाशी उडाला व कानाचा पडदा फाटला. आत गळू झाले, डोक्याची एक बाजू सुजली, डोळा मिटला, तोल राहीना. अशा स्थितीत तो तल्ला देशच्या वाघिणीवर गेला. पायी शिकार करणाऱ्याचे खरे हत्यार कान होय. वानराची खेकस, भेकराचे भुंकणे, चितळाची शीळ ह्यांवरून वाघ कोठे आहे, कोणीकडे चालला आहे, हे त्याला कळते. आणि आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरविण्यास दोन कान लागतात. एक कान गेला की जंगल बोलत राहते, पण कोठून बोलते ते कळत नाही. जखमी वाघिणीचा माग तो ह्या अवस्थेत दिवसेंदिवस काढीत राहिला. सोबतच्या गढवाली माणसांस त्याने पुढे घातले नाही. त्यांस झाडावर बसवून किंवा मागे ठेवून तो एकटा जाई. राजांच्या रीतीशी फरक आहे तो येथे. अर्थात त्याचे सामान हमालच वाहत, आमिषाला बोकड बांधले जात, मचाणही तो वापरी. साधूचे चित्र रंगविण्याचा आमचा हेतू नाही. १९३० सालीच त्याने पोवलगडचा प्रसिद्ध वाघ मारला, ज्याने कोणा माणसाचे काही वाकडे केले नव्हते. पुढे व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्यासाठी शिकारीची व्यवस्था करून देण्यातही त्याचा हात होता. परंतु जेथे मरणाचा संभव होता, तेथे तो आपल्या जागी दुसऱ्यास पाठवीत नसे.

आता ज्यांच्या मागे तो लागला होता त्या जनावरांकडे पाहू. १९४४ सालच्या आपल्या पहिल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की, वाघ नरभक्षक होतो तो स्वभावाने नव्हे, तर जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे. दहांपैकी नऊ वेळा जखम, दहाव्या वेळी वय. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे बंदुकीच्या गोळीने तुटलेले होते; तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. चौगडच्या वाघिणीच्या नख्या मोडलेल्या, एक सुळा तुटलेला, पुढचे दात झिजून गेलेले. मुक्तेसरच्या वाघिणीने साळिंदराशी झुंज घेतली व एक डोळा गमावला. उजव्या पुढच्या पायात व त्याच्या पंजाखाली पन्नासभर काटे रुतले. ती गवतात पडून जखमा चाटीत असता गवत कापणारी एक बाई नकळत तिच्या अंगावर गेली, आणि एका फटक्यात मेली. त्या वेळी वाघिणीने तिला खाल्ले नाही. खाणे पुढे सुरू झाले. रुद्रप्रयागच्या बिबळ्याचे नाव आठ वर्षे साऱ्या गढवालात दहशतीने घेतले जात होते, सरकारी नोंदीत १२५ बळी होते. प्रत्यक्षात तो पडला तेव्हा समोर होता एक म्हातारा बिबळ्या, मुस्कट पिकलेले, दात झिजलेले.

ह्या नोंदी कॉर्बेटने जितक्या बारकाईने केल्या आहेत तितक्या कातड्याच्या लांबीच्याही केलेल्या नाहीत. प्रत्येक वाघ पडल्यावर तो प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो, पंजा उलटून नख्या पाहतो, जुनी जखम बोटांनी चाचपतो. वैद्याने रोग्याला तपासावे तसा. शिकाऱ्याचे हे कुतूहल केवळ शास्त्रीय होते असे आम्हांस वाटत नाही. ज्याचा स्वतःचा कान फुटला होता, त्याला तुटलेल्या सुळ्याचा अर्थ लवकर कळला असावा. हेन्रीला मनोरा होता, जहांगीरला कडा होता. वाघिणीपुढे हरणे हाकून आणणारे कोणी नव्हते, म्हणून पाय चालेनासे झाल्यावर ती गावाकडे, कमी धावणाऱ्या सावजाकडे वळली. आणि त्या सावजात बायका व लाकूडतोडे फार होते, हे विसरून चालणार नाही. वाघिणीच्या दुखण्याची कणव येते म्हणून मेलेल्यांचा हिशेब कमी होत नाही. कॉर्बेटने दोन्ही हिशेब एकाच वहीत ठेविले, हे त्याचे मोठेपण.

ठाकची वाघीण ही त्याची शेवटची. भीतीने गाव ओस पडले होते. तो निघून जाणार होता त्याच संध्याकाळी त्याने नराच्या आवाजात साद घातली, आणि वाघिणीने उत्तर दिले. सोबतचे चौघे मागे दडवून, एका खडकाच्या चिंचोळ्या कडेवर कसाबसा टेकून, उजेड जाता जाता त्याने गोळी झाडली. रायफलीच्या धक्क्याने स्वतःच खाली, बांधलेल्या बोकडांवर जाऊन पडला. वाघिणीच्या अंगावरही बंदुकीच्या जुन्या जखमा होत्याच. त्रेसष्टाव्या वर्षी खडकावरून पडणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे, पण त्याने ते विनोदाने सांगितले आहे.

त्याच सुमारास त्याच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक वेळ दिसू लागतो. कालाढुंगीजवळच्या ओढ्याला बांध घालून, पाण्याच्या खळखळीत कॅमेऱ्याची घरघर लपवून, कित्येक महिने खपून त्याने सात वाघांचे चलच्चित्र घेतले. १९३६ साली हिंदुस्थानातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्याचीही खटपट होती. त्यालाच १९५७ पासून त्याचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात एका दीर्घ तापाने तो अंथरुणास खिळला. तरीही १९४४ साली, अडुसष्टाव्या वर्षी, लेफ्टनंट-कर्नल म्हणून तो छिंदवाड्यास, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारीच, ब्रह्मदेशात लढावयास निघालेल्या तरुण शिपायांना जंगलात कसे राहावे हे शिकवीत होता. त्याच वर्षी मुंबईस त्याचे पुस्तक छापून निघाले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्याने युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांच्या आश्रमास दिले.

१९४७ च्या अखेरीस बहिणीसह तो केनियास गेला, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये तेथेच वारला. त्यापूर्वी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ न्येरीजवळच्या एका प्रचंड झाडावरील मचाणगृहात एक रात्र प्राणी पाहावयास आली. मंडळी निजल्यावर कॉर्बेट त्या झाडाच्या तीस फुटी शिडीच्या वरच्या पायरीवर, मांडीवर रायफल ठेवून, पहाटेपर्यंत जागत बसला. वय शहात्तर होते, छाती अधू झालेली होती. खाली पाणवठ्यावर जनावरे येत-जात होती. त्याने एकही गोळी झाडली नाही.