कनाती, कुटुंबे आणि चुण्यांची वस्त्रे

मराठवाड्याच्या गतकालाचा विचार करू लागले की दृष्टी प्रथम किल्ल्यांवर, दरवाज्यांवर आणि मकबऱ्यांवर खिळते, कारण दगड टिकतो. परंतु या प्रांतातील राजकारण, न्यायनिवाडे, लग्नकार्ये आणि बाळंतपणे यांचा फार मोठा भाग ज्या छताखाली पार पडला ते छत कापडाचे होते, आणि कापड विरून गेल्यामुळे त्याखाली नांदलेल्या संसारांची आठवणही विरून गेली. छावणी म्हटली की शस्त्रधारी पुरुषांचा जमाव डोळ्यांपुढे येतो. वास्तविक, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतात ज्या मोठ्या छावण्या पडल्या त्या बायकामुलांसह पडल्या, आणि त्यांना फिरती गावे म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, औरंगजेबाने आपले नाव दिले ते शाहजादा व दख्खनचा सुभेदार असताना. त्याची बेगम दिलरास बानू याच शहरात १६५७ मध्ये निवर्तली. बादशहा होऊन तो १६८२ मध्ये येथे परतला, तेव्हा शाहजादे, बेगमा, कन्या झीनतुन्निसा आणि अख्खा दरबार त्याच्यासमवेत होता, आणि पुढील पंचवीस वर्षे, १७०७ मध्ये अहमदनगरास देह ठेवीपर्यंत, त्याला उत्तरेचे दर्शन घडले नाही. अशा दरबाराचे बिऱ्हाड हलविण्यास काय सरंजाम लागे याचा तपशील अबुल फज्लने अकबराच्या काळासंबंधी नोंदवून ठेवला आहे: एका मुक्कामाच्या सामानासाठी १०० हत्ती, ५०० उंट व ४०० गाड्या, आणि दिमतीस १००० फर्राश, म्हणजे डेरे उभारणारे नोकर. सरंजाम दुहेरी असे. एका मुक्कामी वस्ती असताना दुसरा संच, ज्याला पेशखाना म्हणत, पुढच्या मुक्कामी उभा राही, म्हणजे बादशाही कुटुंबाने सकाळी एक घर सोडावे आणि संध्याकाळी तशाच दुसऱ्या घरात उतरावे. खाशांच्या डेऱ्यांभोवती तांबड्या कापडाची गुलालबार असे, आणि उंच खांबावर दोरांनी ताणून आकाशदिवा लावीत, की ज्यायोगे रात्री वाट चुकलेल्या माणसास आपल्या राहुटीची दिशा सापडावी. इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याने १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याची छावणी पाहिली, तेव्हा तिचा घेर त्याने तीस मैलांचा सांगितला.

या कापडी शहराचा सर्वांत महत्त्वाचा रहिवासी, माझ्या मते, बादशहा नव्हे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगड पडला आणि येसूबाईसाहेब व सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या हाती लागले. तेव्हापासून १७०७ पर्यंत, म्हणजे बालपण, कुमारवय आणि यौवनाचा आरंभ, ही सगळी वर्षे त्या बालकाने गुलालबारेच्या छायेत, कूच आणि मुक्काम यांच्या अखंड फेऱ्यात घालविली. त्याला सात हजारी मनसब मिळाली, झीनतुन्निसेची ममता मिळाली, त्याची लग्नेही छावणीतच लागली. मातेचे सान्निध्य मात्र सुटकेच्या वेळी सुटले, कारण येसूबाईसाहेब स्वराज्यात परतल्या त्या १७१९ मध्ये. शाहू छत्रपतींच्या अंगी जो समंजसपणा आणि माणसे जोडून ठेवण्याची जी हातोटी पुढे दिसून आली तिचे श्रेय चरित्रकार रक्ताला देतात. मला ते अपुरे वाटते. अनेक जातींची, भाषांची आणि दर्ज्यांची माणसे कनातीला कनात लावून जेथे राहत, तेथे कैदी म्हणून अठरा वर्षे वाढलेल्या मुलाने दुसऱ्याचे मन वाचण्याची विद्या तेथेच आत्मसात केली असली पाहिजे.

त्या छावणीतला प्रतिष्ठित पुरुष जो पोशाख करी त्याकडेही लक्ष दिले पाहिजे. मोगलाई जामा कमरेपर्यंत अंगाबरोबर बसे आणि कमरेखाली असंख्य चुण्यांचा घेर होऊन पसरे. त्याचे बंद हिंदूंनी डावीकडे व मुसलमानांनी उजवीकडे बांधण्याचा प्रघात होता. घेरदार वस्त्र हे स्त्रियांचेच, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनास शिवली नसती. घोड्यावर मांड टाकताना किंवा गालिच्यावर मांडी घालून बसताना पाय मोकळे राहावेत ही फिरत्या जीवनाची गरज होती, आणि घेराने ती भागविली. पेशव्यांच्या दरबारातही जामा चालू राहिला.

मराठ्यांच्या मोहिमाही आरंभी हलक्या आणि पुढे पुढे कुटुंबवत्सल होत गेल्या. उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये ज्या परतुडाहून हिंदुस्थानच्या स्वारीस निघाले ते आजचे जालना जिल्ह्यातील परतूर होय. बरोबर पार्वतीबाई होत्या. यात्रेच्या पुण्याच्या आशेने निघालेले असंख्य लोक होते. तरुण नाना फडणीस मातोश्री व पत्नीसह होते. पुढील जानेवारीत पानिपतावर नानांच्या मातोश्री अंतरल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आत्मवृत्तात ते दुःख उतरले आहे. बाजारबुणगे म्हणून ज्यांचा उल्लेख बखरींत तुच्छतेने होतो त्यांत अशा माताही होत्या.

१८०३ मध्ये याच मुलखात आणखी एक चुण्यांचे वस्त्र आले. अहमदनगरचा किल्ला घेऊन इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली ऑगस्टअखेरीस औरंगाबादेस पोहोचला, आणि २३ सप्टेंबरला केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. त्याच्या फौजेत ७४ वी व ७८ वी या स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातल्या पलटणी होत्या. तेथील पुरुषांचा जुना पोशाख म्हणजे सुमारे पाच वार लांबीचे चौकटीचे लोकरी वस्त्र. कमरेशी चुण्या घालून पट्ट्याने आवळावे, उरलेले खांद्यावर घ्यावे, आणि रात्री रानात मुक्काम पडला की पट्टा सोडून तेच पांघरून निजावे. गुराख्याला त्याहून वेगळ्या राहुटीची गरज नव्हती. तेथील १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने हा पोशाख कायद्याने बंद केला, तो १७८२ पर्यंत. मात्र सैन्यातील पलटणींना मुभा ठेवली, आणि म्हणून गावात ज्याची मनाई ते वस्त्र, त्याच्या तोकड्या रूपात, सरकारी वर्दी होऊन टिकले. शंभर शिपायांमागे मोजक्याच बायकांना पलटणीबरोबर परदेशी जाण्याची परवानगी असे. कोणी जावे ते चिठ्ठ्या टाकून ठरत असे, आणि मागे राहिलेल्यांच्या नशिबी बहुधा कायमचा वियोग येई. लढाईच्या सकाळी वेलस्लीने सारे सामानसुमान आणि बुणगे नळणीच्या तळावर पहाऱ्यात ठेवून पुढे कूच केले. त्या दिवशी त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. ७४ व्या पलटणीचा तर निम्म्याहून अधिक भाग असई गावाच्या तोफांपुढे कापला गेला. जखमींना पुढे अजिंठ्याच्या इस्पितळात नेण्यात आले.

असईवर ज्यांच्या कवायती पायदळाचा मोड झाला त्या दौलतराव शिंद्यांच्या उत्तरेकडील छावणीत १८०९ मध्ये ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी राहिला, आणि त्याच्या पत्रांतून मराठी छावणीची रचना जशी कळते तशी इतरत्र क्वचितच कळेल. बिनीवाले पुढे जाऊन जागा निवडीत. महाराजांच्या देवडीसाठी लहानसे पांढरे निशाण रोवीत. मग एकेका बाजाराचे निशाण सरळ रेषेत लागे, आणि मुलूख कितीही बदलला तरी प्रत्येक दुकानदाराला, सरदाराला आणि त्याच्या कुटुंबाला आपली जागा न विचारता सापडे. बायजाबाई त्याच देवडीत होत्या. दौलतरावांच्या निधनानंतर ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी ज्या सामर्थ्याने केला त्याची पूर्वतयारी या डेऱ्यांतच झाली असे मी समजतो. त्याच १८०९ साली विलायतेहून हुकूम निघाला आणि ७४ व्या पलटणीसह काही पलटणींचा डोंगरी पोशाख, भरती वाढावी या हेतूने, काढून घेण्यात आला. ७८ वीचा तसाच राहिला. शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरजवळ स्थिरावली, कापडाच्या जागी चुना आणि वीट आली, आणि त्या वस्तीचे नाव लष्कर पडले.