जिनच्या पेल्यातला पुदिना

जिन म्हणजे जुनिपरच्या फळांचा स्वाद असलेले मद्य. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात जुनिपरची निळसर काळी फळे, धने, लिंबू-संत्र्याच्या साली आणि काही मुळ्या घालून ते पुन्हा गाळले जाते. हॉलंडमध्ये ते ‘येनेव्हर’ या नावाने निघाले, सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडभर पसरले आणि पुढे इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात उतरले. पुण्याजवळच्या वाकडमधल्या एखाद्या सदनिकेत आज पुदिना, लिंबू आणि गवती चहा घालून जो थंड पेला तयार होतो, त्याचा इतिहास या जिनपेक्षा तिच्यात मिसळल्या जाणाऱ्या जिनसांचा अधिक आहे, आणि त्यातला मोठा भाग याच किनाऱ्यावर व याच घाटमाथ्यावर घडला आहे.

मद्यात लिंबू, साखर आणि सुवासिक द्रव्ये घालून पिण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर जिनच्या आधी रुळली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईत आला. पुढे तो जुन्नरपर्यंतही जाऊन आला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अरकाची नोंद आहे. इंग्रज त्या अरकापासून ‘पाँच’ नावाचे पेय करतात आणि पाच जिनसांवरून त्याला हे नाव पडले, असे तो सांगतो. इंग्रजीतला ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला, या मताचा हा सर्वांत जुन्या आधारांपैकी एक. काही अभ्यासक तो पिपाच्या इंग्रजी नावावरून आला असे मानतात. पण फ्रायर स्वतः या किनाऱ्यावर वावरलेला होता, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे. अरक, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी ही त्या पेयाची नेहमीची पाच अंगे. आजच्या पेल्यात अरकाच्या जागी जिन आणि मसाल्याच्या जागी हिरवी पाने आली आहेत. घडण तीच राहिली आहे.

घाटावर या पेयाला वेगळे वळण लागले ते छावण्यांमुळे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि पुणे व खडकी येथे इंग्रजी फौजेची ठाणी कायम झाली. वाकड तेव्हा मुळेकाठचे शेतीचे गाव होते. फौजेला सर्वत्र हिवतापाची धास्ती असे, आणि त्यावर औषध एकच, सिंकोनाच्या सालीतले क्विनाइन. क्लेमेंट्स मार्कहॅमने १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे आणून निलगिरीत लावली. क्विनाइन विलक्षण कडू. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने ते घातलेल्या सोड्याचे पेटंट घेतले आणि ‘टॉनिक वॉटर’ बाजारात आले. जिन आणि टॉनिक यांचा एकत्र उल्लेख १८६८ च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या संदर्भात सापडतो. तापावरचा उतारा म्हणून सैनिकांनी हे पेय शोधले, ही गोष्ट फार सांगितली जाते. मात्र उल्लेख जिथे सापडतो ते ठिकाण शर्यतीचे मैदान आहे, इस्पितळ नाही. आजच्या टॉनिकमध्ये तर क्विनाइन नावापुरतेच असते. अमेरिकेतली कमाल मर्यादा लिटरला ८३ मिलिग्रॅम आहे. हिवतापाच्या उपचाराला दिवसाकाठी दीड-दोन ग्रॅम लागते, म्हणजे वीसेक लिटर टॉनिक.

छावणीने पुण्याला दिलेली खरी टिकाऊ देणगी म्हणजे सोडा. हायरम कॉडने १८७२ मध्ये मानेत काचेची गोटी अडकणाऱ्या बाटलीचे पेटंट घेतले. वायूच्या दाबाने गोटी वर चढून तोंड बंद होते आणि अंगठ्याने ती आत ढकलली की फटकन आवाज होऊन सोडा फसफसतो. पुण्याच्या कॅम्पात १८८४ पासून अर्देशीर या इराणी घराण्याचा सोडा तयार होऊ लागला. मद्याशी सुतराम संबंध नसलेल्या घरांतही लिंबू-सोडा पोहोचला, तो अशा कारखान्यांमुळे आणि गोटी सोड्याच्या गाड्यांमुळे.

घरगुती पेल्याच्या वाटेत सर्वांत मोठा अडसर आला तो १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंधने रद्द केली, बाकी कायदा बहुतांशी टिकला. प्रकृतीच्या कारणाने मिळणारा परवाना आणि चोरून गाळलेली हातभट्टी, एवढ्याच वाटा उरल्या. मुंबई राज्य विभागल्यावर साठच्या दशकात महाराष्ट्राने बंधने सैल केली. गुजरातने केली नाहीत.

वाकड या कथेत उशिरा येते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ औद्योगिक वसाहती आल्या, तरी वाकडची शेती टिकून होती. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, शेजारी हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची संकुले झाली आणि शेतांच्या जागी इमारती आल्या. म्हातोबाचे बगाड मात्र चैत्रात हिंजवडीहून वाकडला अजूनही येते. नव्या वस्तीच्या हाती नवी देशी जिनही आली. २०१७ पासून गोव्यात ‘ग्रेटर दॅन’ आणि मग ‘हपुसा’ तयार होऊ लागली. ‘हपुसा’ हे नाव जुनिपरच्या ‘हपुषा’ या संस्कृत नावावरून घेतले आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांतली ही वनस्पती हिमालयात उगवते, हे जिन पिणाऱ्यांना त्या बाटलीमुळे कळले.

पाने वापरण्याची रीत सोपी असली तरी तिला शास्त्र आहे. पुदिन्याचे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असते. म्हणून आठ-दहा पाने तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवावी इतकेच पुरते. खलबत्त्यात वाटल्यास पाने काळवंडतात आणि कडवटपणा उतरतो. गवती चहाचे उलट आहे. त्याची पात चिवट, आणि तिच्यातले सिट्रल हे सुवासिक द्रव्य पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगले उतरते. म्हणून पात ठेचून, गाठ मारून दोन-तीन तास जिनमध्येच ठेवतात. मग पेल्यात ४५ मिलिलिटर जिन, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे साखरेचे पाणी, बर्फ, पुदिना आणि वरून सोडा. तुळस वासाने उत्तम जुळेल, पण वृंदावनातले पान मद्यात घालायला बहुतेक मराठी घरे धजत नाहीत, आणि तो संकोच योग्यच आहे. बाजारात मिळणारी परदेशी बेझिल त्या जागी चालते.

भारतीय जिनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते, हे गोड-आंबट चवीमुळे जिभेला जाणवत नाही. म्हणून माप डोळ्यांनी नव्हे, मापानेच घ्यावे. १९४९ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. घरी दारू गाळणे गुन्हा आहे, आणि वाकडमध्ये जिन विकत घ्यायला वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात व परवाना लागतो.