पाचव्या आठवड्यात सोडलेला कोर्स

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या टीमने खोटी बिलं शोधून काढणारं एक मॉडेल बनवलं होतं. डेमोत मी मोठ्या ऐटीत स्लाईड दाखवली: अचूकता ९९ टक्के! मॅनेजर खूष, मीही खूष. तेवढ्यात नुकतीच कॉलेजातून आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, पण शंभरात एकच बिल खोटं असेल तर? काहीही न बघता सगळ्यांना 'खरं' म्हटलं तरी ९९ टक्के येतातच ना?"

"चांगला पॉइंट आहे, ऑफलाईन बोलू," असं म्हणून मी वेळ मारून नेली. (आयटीत 'ऑफलाईन बोलू'चा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. :-))

गंमत म्हणजे माझ्याकडे एआयची तीन सर्टिफिकेटं आहेत. तिन्ही ऑनलाईन, तिन्ही दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून मिळवलेली. आणि जो एक कोर्स मी खरोखर मन लावून सुरू केला होता, तो अर्धवट सोडला. २०१८ साली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. अँड्र्यू इंग यांचा 'मशीन लर्निंग'. एकूण अकरा आठवडे. पाचव्या आठवड्यात बॅकप्रोपगेशनची असाइनमेंट आली, दोन रात्री डोकं आपटलं, मग सबमिशन आणि ओरल्सचं निमित्त मिळालं आणि संपलं.

त्या डेमोच्या दिवशी घरी येऊन जुन्या कोर्सची विषयसूची काढून पाहिली. त्या मुलीने विचारलेला प्रश्न सहाव्या आठवड्यात होता. च्यायला!

मग त्या शनिवारी बसलो आणि हे कोर्स मुळात आले कुठून ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

फुकट लेक्चरं ही काही फार नवी कल्पना नाही. एमआयटीने आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं २००१ सालीच जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं. इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते ज्याने पाहिलं नाही, त्याने हात वर करावा! स्टॅनफर्डने २००८ मध्ये इंग यांची वर्गातली मशीन लर्निंगची लेक्चरंही खुली केली होती. पण या सगळ्यात कॅमेरा वर्गात लावलेला आणि शिक्षक समोरच्या मुलांशी बोलणारा. आपण म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट बघणारे. जेवणावळ दिसते, पण आपल्यासमोर पान नाही.

दुसरा धागा सलमान खानचा (अमेरिकेतला, आपला नव्हे). २००४ मध्ये तो आपल्या नात्यातल्या एका लहान बहिणीला लांबून गणित शिकवायला लागला आणि २००६ मध्ये छोटे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागला. त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज आणि पडद्यावर उमटणारी आकडेमोड. शेजारी बसून कोणीतरी वहीत समजावून सांगतंय असं वाटतं. २०११ च्या मार्चमध्ये टेडच्या मंचावर त्याचं भाषण झालं आणि ते ऐकणाऱ्यांत स्टॅनफर्डचे सेबास्टियन थ्रन होते.

थ्रन म्हणजे २००५ साली वाळवंटातली ड्रायव्हरविना गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या 'स्टॅनली' गाडीच्या टीमचे प्रमुख. त्यांच्यासोबत पीटर नॉर्विग, गूगलमधल्या संशोधनाचे संचालक. एआयचं जे जाडजूड पुस्तक जगभरच्या कॉलेजांत लावलं जातं, त्याच्या दोन लेखकांपैकी हे एक. दोघांनी ठरवलं, स्टॅनफर्डमधला एआयची ओळख करून देणारा आपला कोर्स या वेळी कोणालाही फुकट घेऊ द्यायचा. २०११ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हाच नावं ५८ हजार झाली होती. ऑक्टोबरमध्ये कोर्स सुरू झाला आणि आकडा गेला १ लाख ६० हजारांवर! चाळीसहून जास्त भाषांत स्वयंसेवकांनी सबटायटल्स केली. प्रत्यक्ष वर्गात नाव घातलेले दोनशे होते, पण थोड्या दिवसांत वर्गात यायचे जेमतेम तीस. बाकीच्यांना घरी व्हिडिओ बघणं जास्त आवडलं.

आता माझा खरा मुद्दा. या कोर्समध्ये नवीन काय होतं? व्हिडिओ तर आधीही होते. मला वाटतं, दोन साध्या गोष्टी नवीन होत्या.

पहिली, मधेच थांबवून विचारलेला प्रश्न. कागद, पेन, वर कॅमेरा, काही मिनिटांचा व्हिडिओ, आणि पटकन एक प्रश्न. तुम्ही उत्तर देईपर्यंत मास्तर गप्प. कोर्समध्ये बेजचा नियम शिकवताना आजाराच्या चाचणीचं गणित होतं. त्याच धर्तीवर हे करून बघा. समजा हजार लोकांत दहा जणांना आजार आहे. आजारी माणसाला चाचणी ९० टक्के वेळा बरोबर पकडते, पण निरोगी माणसालाही २० टक्के वेळा चुकून 'आजारी' म्हणते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती?

थांबा, खाली वाचू नका. आधी आकडा मनात धरा.

बहुतेकांच्या मनात ८०-९० टक्के येतं. हिशोब मात्र असा आहे: दहा आजाऱ्यांतले ९ पॉझिटिव्ह, ९९० निरोग्यांतले १९८ पॉझिटिव्ह. एकूण २०७, त्यातले खरे आजारी ९. म्हणजे साडेचार टक्केसुद्धा नाही! हे नुसतं ऐकलं असतं तर "हो, बरोबर" म्हणून पुढे गेलो असतो. आधी चुकलो, म्हणून लक्षात राहतं. (आणि नीट पाहिलं तर माझ्या ९९ टक्क्यांच्या स्लाईडचा घोळही याच घराण्यातला आहे. दुर्मिळ गोष्ट शोधताना नुसती टक्केवारी फसवते.)

दुसरी गोष्ट म्हणजे डेडलाईन. गृहपाठ दर आठवड्याला ठरलेल्या वेळेत द्यायचा, शिवाय मधली परीक्षा, शेवटची परीक्षा. नॉर्विग यांनी २०१२ मध्ये एका भाषणात हे छान सांगितलं होतं. आधीच्या ऑनलाईन कोर्सवाल्यांना 'हवं तेव्हा शिका' हीच मोठी सोय वाटायची, पण हवं तेव्हा म्हणजे उद्या, आणि उद्या म्हणजे कधीच नाही. तारीख आहे म्हणून माणूस बसतो, आणि आपल्यासारखे हजारो लोक त्याच आठवड्यात त्याच गणिताशी झटतायत म्हणून टिकतो. एवढं करूनही शेवटपर्यंत पोचले वीस हजारांच्या थोडे वर, म्हणजे साधारण आठांतला एक. स्टॅनफर्डचे गुण नाहीत, पदवी नाही, फक्त दोघा मास्तरांचं एक पत्र. तरीही वीस हजार!

त्याच हंगामात स्टॅनफर्डने इंग यांचा मशीन लर्निंग आणि जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा कोर्सही असाच खुला केला होता. २०१२ मध्ये थ्रन यांची युडॅसिटी, इंग आणि डाफ्नी कोलर यांची कोर्सेरा, एमआयटी-हार्वर्डचं एडएक्स, सगळं एकामागोमाग आलं. त्याच वर्षी जेफ्री हिंटन यांनी कोर्सेरावर न्यूरल नेटवर्क शिकवताना 'आरएमएसप्रॉप' नावाची एक युक्ती सांगितली. तिचा वेगळा शोधनिबंध त्यांनी लिहिलाच नाही, त्यामुळे संशोधक आजही संदर्भ देतात तो त्या कोर्सच्या सहाव्या लेक्चरचा! म्हणजे ओळख करून देणाऱ्या कोर्समध्येही थेट प्रयोगशाळेतलं ताजं काही मिळत होतं.

मग उतार लागला. २०१३ मध्ये युडॅसिटीने सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर गणिताचे कोर्स चालवले. कच्च्या मुलांचे निकाल इतके वाईट लागले की प्रयोग थांबवावा लागला, आणि खुद्द थ्रन यांनी आपला माल निकृष्ट असल्याचं कबूल केलं. पुढे बहुतेक कोर्स 'तुमच्या सोयीने' झाले. तारखा सैल झाल्या, सर्टिफिकेटला पैसे लागू लागले. धंदा म्हणून यात चूक काही नाही. नोकरी करणाऱ्याला सोय लागतेच, मलाही लागते. पण जी गोष्ट सैल झाली, नेमकी तिनेच ते वीस हजार लोक शेवटपर्यंत नेले होते. आपल्या हातात उरले व्हिडिओ आणि पीडीएफ.

हल्ली तर एआयलाच विचारून एआयच्या कोर्सची उत्तरं लिहिता येतात. मीही एकदा तसं केलंय, लपवत नाही. आमच्याकडे प्रत्येकाने या तिमाहीत एक एआय सर्टिफिकेट घ्यायचं असा फतवा आहे, आणि सगळे घेतील. त्या मुलीसारखा प्रश्न किती जण विचारतील, हा भाग वेगळा.

असो. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे जाऊन खरं सांगितलं, की मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. ती म्हणाली, "मलाही पूर्ण येत नाही, सर. फक्त काहीतरी खटकलं." आता आम्ही दोघं आणि टेस्टिंगमधला एक जण, असे तिघं इंग यांचा कोर्स पहिल्यापासून करतोय. जुना कोर्स आता नाही. २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, ऑक्टेव्ह जाऊन पायथन आलं. नियम दोनच: व्हिडिओ एकपट वेगाने, आणि रविवारी रात्री दहाच्या आत आपापला कोड एकमेकांना दाखवायचा. ज्याचा झाला नाही, त्याने सोमवारचा चहा पाजायचा.

आतापर्यंत दोनदा चहा मीच पाजलाय. पण परवा बॅकप्रोपगेशन वहीत, पेनाने, शेवटच्या ओळीपर्यंत सोडवलं. सात वर्षं उशिरा का होईना, पाचवा आठवडा संपला!