उशिरा आलेले भय : नामांतरपर्वाचा एक दुर्लक्षित अध्याय

नामांतराच्या लढ्याचा इतिहास आपण बहुधा तारखांनी सांगतो. दि. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्या वार्तेपाठोपाठ मराठवाड्यातील बौद्ध व अन्य दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड व परभणी या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागाला सर्वाधिक झळ पोहोचली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि दि. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षांचा हा पट आमच्या बहुतेक वाचकांना मुखोद्गत आहे.

त्या काळच्या वृत्तांतांत जळालेल्या घरांची मोजदाद आहे, हुसकावल्या गेलेल्या कुटुंबांची आहे, बाधित गावांचीही आहे. हा शेवटचा आकडा सुमारे १,२०० असा सांगितला जातो. मात्र त्या घरांतून बाहेर पडलेल्या माणसांच्या झोपेचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या वृत्तांतांच्या कक्षेत आला नाही.

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव, परळी वैजनाथ ते लातूर रोड या लोहमार्गावरील स्थानक. या मार्गावरील गावांच्या सोयरिकी परभणी, नांदेड, लातूरपर्यंत पसरलेल्या आहेत. त्यामुळे एका जिल्ह्यात घडलेल्या प्रसंगाची आठवण दुसऱ्या जिल्ह्यातील माहेरी येऊन वस्ती करते. येथे वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनासाठी गेलो असता सत्तरीकडे झुकलेल्या एका उपासिकेने आम्हांस प्रश्न विचारला. १९७८ साली त्या नव्या सुनेच्या रूपाने सासरी नांदत होत्या आणि रात्रीच्या अंधारात लेकरू कडेवर घेऊन शेतातून पळाल्या होत्या. त्यानंतर रोजमजुरी केली, मुले शिकवली, मोर्चांनाही गेल्या. या काळात भीती अशी वाटलीच नाही, असे त्या सांगतात. मुले नोकरीला लागली, पती निवर्तले, घर शांत झाले आणि मग ती स्वप्ने सुरू झाली. पेटलेले छप्पर, धुराचा वास, हातातून निसटणारे लेकरू. दचकून जाग आली की छातीचे ठोके कितीतरी वेळ थांबत नाहीत. "तेव्हा नाही अन् आता का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अशा अवस्थेला 'शेल शॉक' म्हणत व पुष्कळदा ती भित्रेपणात जमा होई. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनंतर, १९८० साली, अमेरिकी मनोवैद्यकांनी आपल्या निदानपुस्तिकेत 'आघातोत्तर ताणविकार' या नावाने त्याची नोंद केली. म्हणजे मराठवाड्यातील वस्त्या पेटल्या तेव्हा या व्याधीला मान्यताप्राप्त नावसुद्धा नव्हते. प्रसंगानंतर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळाने ज्याचे पूर्ण रूप प्रकट होते, असा तिचा एक विलंबित प्रकार आहे; पुढील संशोधनानुसार सुमारे एक चतुर्थांश रुग्ण या प्रकारात मोडतात. त्यांपैकी बहुतेकांना थोडी अस्वस्थता, थोडी निद्रानाशाची तक्रार आधीपासून असतेच. जगण्याच्या धबडग्यात ती दबून राहते. निवृत्ती, वैधव्य, एखादे आजारपण किंवा तसाच धूर, तसाच जमाव दिसला की ती उसळून वर येते. संकटाच्या वेळी शरीर पळण्यासाठी सज्ज असते. सवड मिळाल्यावर स्मृती आपला हिशेब मांडते.

याच मराठवाड्यात, नामविस्ताराच्या अवघे साडेतीन महिने आधी, दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे आठ हजार जीव गेले. वाचलेली माणसे त्यानंतर दीर्घकाळ छपराखाली झोपायला धजत नव्हती. मनोवैद्यकांनी त्यांची तपासणी केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींत मानसिक विकार, विशेषतः आघातोत्तर ताणविकार व विषण्णता, आढळून आले. हे कार्य निःसंशय स्तुत्य होते. परंतु धरणीने पाडलेल्या घरातील माणसाला झोपेविषयी विचारले गेले आणि शेजाऱ्याने पेटवलेल्या घरातील माणसाला मात्र ओळखपरेड, पंचनामा व नुकसानभरपाई यांपलीकडे कुणी फारसे विचारले नाही, हा भेद आमच्या मते निव्वळ योगायोगाचा नाही. भूकंपात कोणी आरोपी नसतो. जिथे आरोपी त्याच गावात राहतो, त्याच वाटेने जातो, तिथे भीती बोलून दाखवणे हेच धोक्याचे असते. म्हणून ती आत जाते.

आत गेलेली भीती मग दुसऱ्या नावाने बाहेर येते. मराठवाड्यात भानामतीची समजूत जुनी आहे. रात्री किंचाळून उठणाऱ्या स्त्रीला करणी झाली असे ठरवून देवऋषाकडे नेणारी घरे आजही आहेत, आणि खेदाने म्हणावे लागते की बावीस प्रतिज्ञा घेतलेली घरे त्यांतून सर्वस्वी वगळता येत नाहीत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अघोरी उपचारांना रोखू शकतो. स्वप्नाचा अर्थ मात्र माणसाला कोणीतरी सांगावाच लागतो.

या बाबतीत 'मिलिंदप्रश्न' हा ग्रंथ पाहण्यासारखा आहे. राजा मिलिंदाने स्वप्नांविषयी विचारले असता भदन्त नागसेन सहा कारणे सांगतात : वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, वारंवार आचरलेले वा अनुभवलेले, आणि पूर्वसूचना. यांतील शेवटचेच खरे असे ते म्हणतात. तेवढे आपण कालामांना केलेल्या उपदेशानुसार तपासून बाजूस ठेवू शकतो. परंतु पाचवे कारण मोलाचे आहे. अनुभवलेलेच स्वप्नात येते, ही गोष्ट दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या या परंपरेने नोंदवून ठेवली आहे. त्या उपासिकेच्या स्वप्नात करणी नाही, एक जुलमी रात्र आहे.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागत स्वतःच्या भयाविषयी सांगतात. बोधिप्राप्तीपूर्वी अरण्यात असताना चालतेवेळी भय आले तर ते चालतच राहत, बसलेले असताना आले तर बसूनच. त्याच अवस्थेत राहून ते भय निवारीत. आधुनिक उपचारांतही भीतीपासून पळ न काढता सुरक्षित सोबतीने हळूहळू तिला सामोरे नेण्याची पद्धत आहे. त्रासदायक स्वप्न दिवसा जागेपणी आठवून त्याचा शेवट बदलायचा आणि तो नवा शेवट रोज मनात घोळवायचा, असाही एक उपाय केला जातो. साम्य येथेच थांबते. मैत्रीभावनेच्या अकरा लाभांत सुखाची झोप व वाईट स्वप्नांचा अभाव सांगितला आहे म्हणून अशा व्यक्तीला दीर्घ मौन शिबिरात बसवावे, असे आम्ही सुचवणार नाही. काहींच्या बाबतीत एकांतात डोळे मिटताच तोच धूर दाटून येतो. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची विनामूल्य सेवा उपलब्ध आहे. विहारातील कार्यकर्त्यांनी अशा वृद्धांसोबत रुग्णालयापर्यंत जावे.

१९७८ चे साक्षीदार आता वार्धक्यात आहेत. त्यांची कथने ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा विचार काही विहारांत होत आहे, तो अगत्याचा आहे. त्या प्रश्नावलीत घर, जनावरे, पीक यांबरोबर झोप व स्वप्ने यांचाही रकाना असावा. मुलाखत दिवसा घ्यावी, घरचे माणूस जवळ असावे, आणि सांगणारी व्यक्ती थांबली की यंत्रही बंद करावे. उरलेले दुसऱ्या दिवशी, तिची इच्छा असेल तर.